स्क्रूच होता, बाबा

जानेवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली, तेव्हा माझी रायफल जेवणाच्या टेबलावर होती. बॅरल जुन्या सोलापुरी चादरीवर, दस्ता खुर्चीवर, आणि लोणच्याच्या बरणीला टेकवलेल्या फोनमध्ये बाबा. नाशिकला रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. एरवी साडेनऊला दिवा घालवणारे बाबा चष्मा लावून, पाण्याचा तांब्या शेजारी घेऊन, "पुढचा स्क्रू आधी दाखव" म्हणत बसले होते.

दारात एक बाई आणि एक तरुण मुलगा, दोघांच्या गळ्यात ओळखपत्रं. शस्त्रपरवाना कार्यालयातून आलो आहोत, बंदुकीचं कपाट बघायचंय.

जर्मनीत हे लोक असे न कळवता येतात. घरात घ्यायचं की नाही हे आपल्या हातात असतं, पण कारण नसताना नाही म्हटलं तर परवान्यावरच गदा येते. मी आत घेतलं. बरणीपाशी बाबांचा आवाज, "पोलीस आलेत का रे?" त्यांच्यामागून आईचा, "कोण पोलीस? कशाला पोलीस?" सातपूरच्या आमच्या गल्लीत दारात पोलीस येणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मी फोन पालथा घातला. ते आणखी वाईट झालं, कारण आता त्यांना फक्त जर्मन बोलणं ऐकू येत होतं.

बाईंनी रायफलवरचा नंबर कार्डावरच्या नंबराशी ताडून पाहिला. मी समोर बसून साफसफाई करतोय, त्यामुळे ती टेबलावर असायला हरकत नव्हती. मग त्या मुलानं माझ्या बायकोकडे वळून विचारलं, "कपाटाच्या कुलपाचा नंबर तुम्हाला माहीत आहे का?"

"नाही."

"नक्की?"

"मला ह्याचा मोबाइल नंबरसुद्धा पाठ नाही," ती म्हणाली. मुलानं ते गंभीरपणे लिहून घेतलं.

दोघं गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे आपल्या घरात एक कपाट असं आहे की ज्याला मी हात लावायचा नाही, आणि मी लावत नाही ना ते बघायला सरकार येतं." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. परवाना माझा एकट्याचा, म्हणून हात फक्त माझा. पूर्वी त्या कपाटाला, म्हणजे शस्त्रांच्या तिजोरीला, किल्ली होती आणि ती मी देवघरात, गणपतीच्या चौरंगाखाली ठेवायचो. 2023 मध्ये म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयानं निकाल दिला, की शस्त्रांच्या तिजोरीची किल्लीसुद्धा तितक्याच मजबूत तिजोरीत ठेवली पाहिजे. आता त्या दुसऱ्या तिजोरीची किल्ली कुठे ठेवायची? मग तिसरी तिजोरी घ्यायची का? मी पदरचे पैसे घालून नंबराचं कुलूप बसवून घेतलं. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या वेळी सासूबाई किल्ल्या कमरेला लावायच्या, पण कपाट सोन्याचं होतं रे. तू बंदुकीसाठी सुनेला परकी करतोस?" गोदरेजच्या कपाटाची किल्ली साड्यांच्या थप्पीखाली आणि ती कुठे आहे हे मोलकरणीलाही ठाऊक, अशा घरात मी वाढलो. मला हा नियम पटतो आणि त्याचा रागही येतो. पण कोणी नावं ठेवली की मीच नियमाची बाजू घेतो. आपल्याकडे निवडणूक आली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. एरवी वर्षभर त्या कुठे असतात हे बघायला कोण येतं? इथे निदान येऊन, बूट काढून, बघून जातात. (बूट त्यांनी खरंच काढले.)

असो. रायफल टेबलावर का होती ते सांगतो.

ही पॉइंट टू टूची (.22 इंची नळीची), निव्वळ निशाण्यावर मारायची रायफल. क्लबात वर्षभर नेमानं सराव केल्याशिवाय आणि परीक्षा दिल्याशिवाय ती घेताच येत नाही. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष माझा होता, हे पुढे कळेल. पन्नास मीटरवरून मारायचं, दुर्बीण नाही, आणि दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. गोळी शिशाची, 2.6 ग्रॅमची, वरून मेण लावलेली. ती मुद्दामच आवाजाच्या वेगाच्या थोडी आत ठेवतात, कारण तो वेग ओलांडताना आणि परत खाली येताना गोळी डगमगते. ह्या काडतुसात ठिणगी पाडणारं रसायन मध्ये टोपीत नसतं, तळाच्या काठात गोल फिरवून भरलेलं असतं. ते पुन्हा घरी भरता येत नाही. कारखान्यानं दिलं ते घ्यायचं. त्यातही प्रत्येक लॉट वेगळा, आणि कुठल्या बॅरलला कुठला लॉट मानवेल ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. म्हणून मोठे नेमबाज रायफल घेऊन थेट कारखान्याच्या बोगद्यात जातात. लापुआ ह्या काडतुसांच्या कंपनीचा असा बोगदा एल्बे नदीकाठी श्योनेबेकला आहे. तिथे बॅरल शिकंज्यात आवळून आठ-दहा लॉट मारून बघतात आणि आवडलेला लॉट हजारांनी उचलतात. निफाडच्या बागेत दोन मणी तोंडात टाकून अख्खा प्लॉट बुक करणारा व्यापारी आठवा, तसंच. मी काही मोठा नेमबाज नाही. मी दुकानातून पन्नासाची डबी घेणारा माणूस.

ऑक्टोबरपासून माझ्या साठ गोळ्यांतल्या चार-पाच घड्याळात आठ वाजतात त्या दिशेला उडायला लागल्या. बाकीच्या सगळ्या दहा गुणांच्या आसपास, आणि मध्येच एखादी 8.7. आमच्याकडे ह्याला फ्लायर म्हणतात. पहिला संशय नेहमी नेमबाजावर. श्वास, खांदा, दंडाला बांधलेला पट्टा, सगळं तपासलं. शेवटी क्लबातल्या आजोबांना म्हटलं, तुम्ही मारून बघा. हे आजोबा निवृत्त टूलमेकर, सत्त्याहत्तर वर्षांचे, पडून मारायला खाली गेले की उठायला दोघं लागतात. त्यांनी माझ्या रायफलनं दहा मारल्या, त्यातल्या दोन आठ वाजता उडाल्या. मला झालेला आनंद सांगायची लाज वाटते.

मग दुसऱ्या लॉटची पाचशे काडतुसं घेतली. तेच. मागची साइट हलते का पाहिली, पुढची रिंग घट्ट केली. तेच. काडतुसांवर घातलेल्या पैशांचा हिशोब बायकोसमोर मांडायची वेळ आली, तोवर डिसेंबर उजाडला आणि आम्ही नाशिकला आलो.

बाबांनी एकतीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली. त्यांचा सकाळचा ग्रुप म्हणजे निवृत्त एमआयडीसीच. अशोकनगरात फेरी मारायची आणि रविवारी मिसळ. मी ह्यांना नावानं ओळखत नाही, मशीननं ओळखतो. ग्राइंडिंगवाले काका, प्रेसवाले काका, आणि मायकोत डिझेलच्या नोझलवर आयुष्य गेलेले नोझलवाले काका. त्या रविवारी बाबांनी माझ्या टार्गेटचा फोटो टेबलावर फिरवला. रश्श्याचा एक थेंब स्क्रीनवर पडला, नेमका आठ वाजता.

"एकाच बाजूला जातंय म्हणजे क्लॅम्पिंग ढिलं," ग्राइंडिंगवाले काका.

"जॉब सरकतोय," प्रेसवाले काका.

"स्क्रू," बाबा म्हणाले. "बॅरल दस्त्याला दोन स्क्रूंनी धरलंय ना? पुढचा ढिला असणार. हातानं आवळलेस ना? टॉर्क पाना लावलास का?"

नव्हता लावला, ठरावीक जोरानं आवळणारा तो पाना. ॲलन कीनं, अंदाजानं. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी डायल गेजनं कणीक मळली होती.

नोझलवाले काका तोवर पाव मोडत होते. ते म्हणाले, "आत बघितलंस का रे? भोकात? आमच्याकडे नोझलला कार्बन धरला की फवारा तिरका जायचा. बाहेरून नोझल कशी चकाचक."

"अहो, ते डिझेल," बाबा म्हणाले. "इथं काय इंजिन आहे का?" सगळे हसले. काकाही हसले आणि पाव रश्श्यात बुडवला.

बिल देताना प्रेसवाले काकांनी विचारलं, हा छंद इथे नसता का जमला? मी माझं नेहमीचं भाषण काढलं. एनसीसीच्या कॅम्पात पॉइंट टू टूच्या पाच गोळ्या मिळायच्या आणि पुढच्या कॅम्पापर्यंत त्याच पाचांवर गप्पा मारायच्या. तिकडे गावागावात क्लब, घरापासून सायकलवर रेंज. काका म्हणाले, "आणि आपला कुसाळे? तो कुठे जर्मनीत राहायला गेला होता?" कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला ह्याच पन्नास मीटरच्या रायफलीनं कांस्य मिळवलं. तेजस्विनी सावंत तर 2010 मध्ये म्युनिकला येऊन जगज्जेती होऊन गेली, माझ्या ह्या जर्मनीत. मी म्हटलं, ते अपवाद आहेत. पैसे भरले आणि गाडीत बसलो. अजून मला वाटतं की माझं बरोबर होतं. अजून मी त्यांना मनातल्या मनात उत्तरं देतो.

तर जानेवारीतला तो गुरुवार म्हणजे बाबांच्या निदानाची अंमलबजावणी होती. टॉर्क पाना आजोबांचा. मी मागितलाही नव्हता. नाशिकची हकिकत ऐकून त्यांनी पुढच्या सरावाला आणून हातात ठेवला, आणि माझ्या वहीत स्वतः तारीख घालून लिहिलं, 5 न्यूटन-मीटर, दोन्ही. तपासणीवाले गेल्यावर मी फोन सरळ केला. आईबाबा दोघंही स्क्रीनला नाक लावून. सगळं ठीक आहे हे पटवण्यात दहा मिनिटं गेली. मग पाना लावला. मागचा बरोबर होता, पुढचा तीनलाच सुटला.

"बघ!" बाबा एवढ्या मोठ्यानं ओरडले की आई म्हणाली, शेजारी उठतील.

पाच-पाचला आवळून शनिवारी रेंजवर गेलो. टार्गेटवरचा गोळ्यांचा घोळका थोडा आवळला हे खरं. पण साठात तीन अजून आठ वाजताच.

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून बारीक कॅमेऱ्याची नळी काढली आणि मागच्या बाजूनं बॅरलमध्ये सोडली. पडद्यावर, काडतूस बसतं ते चेंबर संपून नळीतले आटे सुरू होतात तिथे, खालच्या अंगाला काळपट कडं. दूध उतू जाऊन पातेल्याच्या बुडाशी धरतं तसं, पण दगडासारखं. जळलेली दारू, मेण, शिसं, आणि काठातल्या रसायनात असते ती काचेची पूड. प्रत्येक गोळी त्याच्यावरून घासत जात होती, कधी नीट, कधी तिरकी.

मी चार हजारांच्या वर गोळ्या मारल्या होत्या आणि आत काही घातलं नव्हतं. कारण पहिल्याच महिन्यात कोणीतरी सांगितलेलं, पॉइंट टू टूची नळी साफ करायची नसते, मेणाचा थर टिकू द्यायचा. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. थर लागतो, साफ केल्यावर पहिल्या दहा-वीस गोळ्या तो परत बसवण्यातच जातात, पण म्हणून साफ करायचंच नाही असं नव्हे. खूणही मिळाली होती. काडतूस आत ढकलणारा बोल्ट मिटताना थोडा जड जायचा. अशा रायफलीत गोळीचं नाक आट्यांमध्ये रुततंच, थोडा जोर लागतोच, म्हणून मी तिकडे काणाडोळा केला.

दोन संध्याकाळी लागल्या. सळई मागूनच, मार्गदर्शक नळीतून. तोंडाकडून घातली आणि तिथली कड खरवडली तर बॅरल भंगारात. द्रावण लावायचं, पाव तास थांबायचं, पितळी ब्रश फक्त त्या पहिल्या बोटभर जागेत फिरवायचा, मग चिंधी. पहिल्या सहा चिंध्या तव्यावर पुसल्यासारख्या. घरभर घासलेटसारखा वास, खिडक्या उघड्या, बाहेर उणे चार. बायको कोट घालून जेवली.

पुढच्या शनिवारी आधी वीस गोळ्या नुसत्या मेणासाठी, मग साठ. एकूण 611.3 गुण (अगदी मधोमध लागली की दहाच्याही वर मिळतात). सगळ्यात वाईट गोळी 9.6, आणि ती माझी होती, रायफलची नव्हे.

गाडीतूनच बाबांना फोन केला. "काय झालं रे?" त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला होता.

"स्क्रूच होता, बाबा."

तो ढिला होता की. तीनवर होता. घोळका आवळलाही होता. मी काही पूर्ण खोटं बोललो नाही.

रविवारच्या मिसळीची हकिकत आईकडून कळली. बाबांनी बिल दिलं, टॉर्कवर पंधरा मिनिटं बोलले, आणि ग्राइंडिंगवाल्या काकांनी त्यांना टाळी दिली. नोझलवाले काका काय म्हणाले, हे मी विचारलं नाही.

दुपारी त्यांचा मेसेज आला. नंबर बाबांकडून घेतला असणार. "अभिनंदन. आत बघितलंस का पण?"

निळ्या खुणा त्यांना दिसल्या असतील. तीन दिवस झालेत.