साबणाची वडी आणि अकरावीचा रविवार

माझी भाची यंदा अकरावी विज्ञानला आहे आणि तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जायचे आहे. दर रविवारी सकाळी ती बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येते. क्लासच्या वेळापत्रकातून हे दोन तास मी आग्रहाने मागून घेतले आहेत, कारण प्रवेश परीक्षेची तयारी वेगळी आणि अभियांत्रिकीची तयारी वेगळी, असे माझे ठाम मत आहे.

पहिली तयारी टाळता येत नाही. जेईई मेनमध्ये ३ तासांत ७५ प्रश्न सोडवायचे असतात आणि गुजरातच्या प्रवेश परीक्षेत, गुजकेटमध्ये, तेवढ्याच वेळात १२०, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. या वेगाची सवय लागली की मुले आकृती काढणे सोडून देतात. भिंतीला टेकवलेल्या शिडीचे गणित भाचीने सूत्रात आकडे घालून सोडवले होते आणि उत्तर बरोबर होते. पण जमिनीवरचे घर्षण कोणत्या दिशेला, असे विचारल्यावर ती थांबली. मग शिडी वेगळी काढून तिच्यावरचे एकेक बल बाणाने दाखवायला लावले, तेव्हा ते भिंतीच्या दिशेने असते हे तिला दिसले, आणि माणूस जसजसा वर चढतो तसतशी शिडी घसरण्याची शक्यता का वाढते, हेही तिने स्वतःच सांगितले. अशी एक आकृती मला वीस सोडवलेल्या प्रश्नांहून मोलाची वाटते.

माझी स्वतःची उणीव दुसरीकडे होती. बारावीला गुण चांगले असूनही कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या कागदासमोर बसलो, तेव्हा सपाट रेषांवरून मला वस्तू डोळ्यांपुढे आणता येईना, आणि तो विषय सुटायला दोन प्रयत्न लागले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ज्या कलाभवनाची स्थापना केली, तिथे रेखाटन, सुतारकाम आणि यंत्रविद्या एकाच छपराखाली शिकवली जात असे. हात आणि डोळा आधी तयार झाला पाहिजे, हा विचार त्यामागे असावा असे मला वाटते, आणि आज अकरावी-बारावीत नेमके तेच राहून जाते.

म्हणून गेल्या महिन्यात भाचीच्या हातात कपडे धुण्याच्या साबणाची वडी आणि सुरी दिली. वडीच्या एका कोपऱ्यातून तिने पायरीसारखा तुकडा कापला आणि समोरून, वरून व डाव्या बाजूने दिसणारी वडी टू-एच पेन्सिलने कागदावर काढली. वरून दिसणारे चित्र तिने सहजपणे वरच काढले. "मामा, वरून बघितलं तर वरच यायला हवं ना?" आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत वापरतात, तीत वस्तू डोळा आणि कागद यांच्या मध्ये असते, म्हणून वरून पाहिलेले चित्र खाली उतरते आणि डावीकडून पाहिलेले उजवीकडे जाते, हे मी वडी कागदावर ठेवून, मग कागद उभा धरून दाखवले. तिसऱ्या प्रयत्नात तिने मागे लपलेली कड तुटक रेषेने दाखवली, आणि ती कोणी सांगितलेली नव्हती.

प्रोग्रॅमिंगबद्दल मला फारशी चिंता नाही; पायथन ती शाळेत शिकते आहे आणि तिला ते आवडते. गणितात मात्र सदिश (व्हेक्टर) आणि कलनशास्त्र (कॅल्क्युलस) पाठांतरावर सोडू नये, कारण पहिल्या वर्षापासून प्रत्येक विषय त्यांच्यावरच उभा राहतो.

येत्या रविवारी ती घरातला जुना पितळी नळ घेऊन येणार आहे. तो उघडून आतला आटे असलेला दांडा व्हर्नियरने मोजायचा, आणि मगच कागद पुढे घ्यायचा, असे आमचे ठरले आहे.