पायलट घ्यावं की डायव्हर?

पहिलंच ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं घड्याळ घेताय आणि बजेट पन्नास हजाराच्या आतबाहेर आहे, तर सरळ डायव्हर घ्या, म्हणजे पाणबुड्यांसाठी बनलेल्या प्रकारचं घड्याळ. पायलट घड्याळं मला मनापासून आवडतात, तरी हेच सांगेन.

पायलटचं डायल बघत बसावं असं असतं. काळं डायल, ठसठशीत पांढरे आकडे, १२ च्या जागी त्रिकोण आणि त्याच्या दोन बाजूंना ठिपके. मूळ डिझाइन दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकांसाठीचं, तेव्हा केस तब्बल ५५ मिमीची असायची, जाड जॅकेटवरून बांधायला. ती बनवणाऱ्या पाच कंपन्यांपैकी लाको आणि स्टोवा आजही तसंच डायल देतात. डायलचे दोन प्रकार: टाइप ए साधं, टाइप बी मध्ये मिनिटं बाहेर मोठी आणि तास आतल्या छोट्या वर्तुळात. आपल्याकडच्या जुन्या लोकांना एचएमटी पायलट आठवत असेल, पण ते रोज हाताने चावी द्यायचं. आणि आपण तर नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल विमान कारखान्यावरून सुखोई उडताना बघणारे लोक, पायलट घड्याळाचा मोह होणारच.

पण नाशिकचा पाऊस आहे ना. बऱ्याच पायलट घड्याळांवर ३० किंवा ५० मीटर लिहिलेलं असतं, म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी चालेल, पोहायला वगैरे नाही. त्यात चामड्याचा पट्टा, जुलैमध्ये कॉलेज रोडवरून गाडीवर भिजत आलात की तो दोन दिवस वाळत नाही आणि नंतर वास मारतो.

डायव्हरमध्ये ओरिएंट कामासू घ्या नाहीतर सेको टर्टल, दोन्ही २०० मीटर, क्राऊन (बाजूची चावीची गुंडी) स्क्रू करून बंद होतो, दोन्हीला हाताने चावी देता येते आणि क्राऊन ओढला की सेकंद काटा थांबतो. कामासूला सफायर काच आहे, टर्टलच्या साध्या मॉडेलला हार्डलेक्स ही सेकोची स्वतःची काच, तिच्यावर चरे लवकर पडतात, म्हणून माझा कल कामासूकडे. टर्टल ४४ मिमीच्या वर आहे पण पट्टा जोडायचे कान आखूड असल्याने बारीक मनगटावरही बसतं, हे हातात घालून बघितल्याशिवाय पटत नाही.

आणि बेझल, म्हणजे काचेभोवतीचं फिरतं कडं! बागेत ठिबक सुरू केलं की त्यावरचा त्रिकोण मिनिट काट्यासमोर आणायचा, टक टक टक, मग किती वेळ झाला ते नुसतं बघायचं. ते एकाच दिशेला फिरतं, कारण पाण्याखाली चुकून धक्का लागला तर गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी नाही.

वेळेचं म्हणाल तर टर्टलच्या ४R३६ मशीनला कंपनीच दिवसाला +४५ ते -३५ सेकंद सांगते, प्रत्यक्षात बहुतेक घड्याळं त्याहून बरी चालतात. अचानक खूप पुढे पळायला लागलं तर आधी मॅग्नेटवाल्या मोबाईल कव्हरवर संशय घ्या, डीमॅग्नेटाइज केलं की बहुतेक वेळा ताळ्यावर येतं.

दुकानात गेलात की बेझलचा त्रिकोण १२ च्या अगदी समोर येतो का ते बघा, या किमतीत थोडं तिरकं निघू शकतं, तसं असेल तर दुसरा पीस मागायला लाजू नका.