खोकला ठेवायचा की काढायचा?

जुन्या टेपांवरचा आवाज संगणकावर उतरवायचा आणि साफ करून द्यायचा, हे माझं काम. लंडनमधल्या एका छोट्या स्टुडिओत नोकरी करते. लग्नं, प्रवचनं, आजोबांच्या मुलाखती, कुणाची तरी पहिली कविता, काय वाट्टेल ते येतं. एका सकाळी आलेल्या खोक्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘द्वोर्झाक, २१. ८. ६८’. सोबत गिऱ्हाइकाची चिठ्ठी. वडिलांनी रेडिओवरून भरलेली टेप आहे, वडील प्रागहून इंग्लंडला आलेले, घरातले खोकले, भांड्यांचे आवाज वगैरे काढून टाकावेत आणि फक्त संगीत ठेवावं.

तारीख बघूनच मी मालकाला सांगितलं, ही टेप दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

२० ऑगस्ट १९६८च्या रात्री सोव्हिएत युनियन आणि वॉर्सा करारातल्या इतर देशांचं सैन्य चेकोस्लोव्हाकियात घुसलं. सकाळी प्रागच्या रस्त्यांवर रणगाडे. त्याच संध्याकाळी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात, सोव्हिएत सरकारी वाद्यवृंदाची मैफल होती. संचालक येव्हगेनी स्वेत्लानोव, चेलोवर, म्हणजे गुडघ्यांत धरून गजानं वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यावर, म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच. कार्यक्रम आधीपासून ठरलेला, आणि त्यात चेलोसाठी काय, तर द्वोर्झाकचा कंचेर्तो, एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना. म्हणजे चेक माणसाची रचना, रणगाडे पाठवणाऱ्या देशाचे वादक वाजवणार, तेही नेमक्या त्या दिवशी. हॉलबाहेर निदर्शनं, आत घोषणा.

टेप मशीनवर चढवली. एकच ट्रॅक, वेग सेकंदाला पावणेचार इंच, म्हणजे घरगुती मशीन. पहिल्या मिनिटातच कळलं, की रेडिओतून वायर काढून जोडलेली नाही. रेडिओच्या पुढ्यात माइक ठेवून भरलंय. खाली विजेची घरघर सतत. ती काढायचीच असते, पण आधी तिचा उपयोग करून घ्यायचा. इथली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरघरसुद्धा ५०वरच असायला हवी. ती ४९च्या आसपास दिसत होती. म्हणजे टेप हळू फिरतेय आणि सगळा सूर श्रुतीभर उतरलाय. वेग वाढवला, घरघर ५०वर आली, सूर जागेवर बसला. मग घरघर उडवायला घेतली आणि तिथे अडले. तिचा दुसरा, दुप्पट कंपनांचा पदर १०० हर्ट्झवर येतो आणि चेलोची मोकळी ‘जी’ तार बोलते ९८वर. चाळणी जरा रुंद धरली की घरघरीबरोबर खर्जातला जीवही जातो. सकाळ त्यातच गेली.

घोषणा अगदी सुरुवातीला आहेत. काय ओरडतायत ते नीट उमगत नाही. एक आवाज, मग दुसरीकडून दुसरा, मग त्यांना गप्प करणाऱ्यांचं शूऽऽ. अल्बर्ट हॉलचा प्रतिध्वनी त्या काळी कुप्रसिद्ध होता. तो मोडायला छताखाली मोठ्या तबकड्या टांगल्या त्या १९६९मध्ये, म्हणजे या मैफिलीनंतर. त्यामुळे प्रत्येक आरोळी घुमटात जाऊन पुन्हा खाली येते. त्यात टेपची स्वतःची एक खोड. वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्यावरचा मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर हलकासा उमटतो. शांततेत आधी बारीक भूत ऐकू येतं, आणि काही सेकंदांनी खरी आरोळी. काय येणार ते आधीच माहीत असल्यासारखं. अंगावर काटा आला, हे लिहायला लाज वाटते, पण आला.

ही भुतं मात्र मी काढली. ती टेपची करणी, त्या संध्याकाळची नव्हे.

टेप उतरवताना घाई चालत नाही. चाळीस मिनिटांच्या रचनेला चाळीस मिनिटंच लागतात, तेवढा वेळ डोकं मोकळं असतं. क्लॅरिनेटवर हळू सुरुवात होते, वाद्यवृंद साडेतीन-चार मिनिटं एकटाच वाजत राहतो, आणि वादक चेलो धरून बसून राहतो. त्या साडेतीन मिनिटांत या माणसाच्या मनात काय चाललं असेल? प्राग त्याला परकं नव्हतं. बाकूत १९२७ साली जन्मलेला हा मुलगा मॉस्को कॉन्झर्वेटरीत शिकला, आणि १९५०मध्ये प्रागच्या स्पर्धेत पहिला आला. ती स्पर्धा हानुश विहानच्या नावाची. द्वोर्झाकनं हा कंचेर्तो ज्याला अर्पण केला तोच विहान. पुढे १९५५मध्ये प्रागच्याच संगीतमहोत्सवात गायिका गालिना विश्नेव्स्कायाशी त्याचं जुळलं आणि चार दिवसांत दोघं नवराबायको. त्याच गावात आज आपल्या देशाचे रणगाडे, आणि आपण त्या देशाचे लेनिन पारितोषिक मिळालेले, लाडके कलावंत.

त्यानं वाजवायला नकार द्यायला हवा होता, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही भेटतात. मला ते पटत नाही. ओरडणारे चूक होते असंही नाही. त्यांना त्या दिवशी समोर रशियन म्हणून दुसरं कोण सापडणार होतं? पण नकार दिला असता तर ती चौथ्या पानावरची बातमी झाली असती. वाजवलं, म्हणून साठ वर्षं होत आली तरी लोक ते ऐकतायत.

चेलो शिरतो तिथे द्वोर्झाकची सूचना आहे, जणू जागच्या जागी सुचतंय असं वाजवा. रोस्त्रोपोविच इथे सुचल्यासारखं नाही, भांडल्यासारखं वाजवतो. गज तारेवर पडतानाचा खरखरीत घाव या रद्दड माइकवरही स्पष्ट येतो. माझं सॉफ्टवेअर त्या घावाला ‘क्लिक’ समजून लाल खूण करत होतं. मी मिरजेची. आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावायला कारागीर अर्धा दिवस घालवतात, आणि हे यंत्र तीच जवारी दोष म्हणून पुसून टाकेल. लाल खुणा हातानं एकेक काढल्या.

आणि मग ते घर. पहिल्या भागात चमचा कपावर आपटला. पडद्यावर दिसतं ते: रेडिओच्या स्पीकरमधून आलेलं संगीत सात-आठ हजार हर्ट्झच्या वर जवळपास संपतं, चमचा मात्र सरळ वर उभी रेघ मारून जातो. म्हणजे कुठला आवाज हॉलमधला आणि कुठला खोलीतला, हे नजरेनंच वेगळं करता येतं. खोकला दोन जातींचा: अल्बर्ट हॉलमधला बोथट, लांबचा, आणि माइकजवळ बसलेल्या माणसाचा, घशातल्या खवखवीसकट. कुणीतरी खुर्ची सरकवतं. पळणारी छोटी पावलं. दुसऱ्या, संथ भागात द्वोर्झाकनं स्वतःचंच एक गाणं गुंफलंय, त्याची आजारी मेहुणी योसेफिना हिच्या आवडीचं. नेमकी तिथे एक बाई काहीतरी दोन शब्द बोलते. मला चेक येत नाही.

हे सगळं काढता आलं असतं. तेच तर मागितलं होतं. पण त्या मैफिलीचं बीबीसीचं मूळ ध्वनिमुद्रण सीडीवर निघालेलं आहे, आणि ते या टेपपेक्षा शंभर पटींनी चांगलं आहे. खोली काढून टाकली तर गिऱ्हाइकाच्या हातात काय उरणार? दुकानात मिळणाऱ्या वस्तूची फुटकी नक्कल. मालकाला हे सांगितलं. तो म्हणाला, “त्यांनी पैसे खोकला काढायचे दिलेत, ठेवायचे नाहीत.” व्यवहार म्हणून बरोबर होतं त्याचं. शेवटी दोन्ही फायली करायच्या ठरल्या, आणि दरम्यान मी बाईच्या बोलण्याचा तुकडा गिऱ्हाइकाला पाठवला.

दुपारी त्यांचा फोन. सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ. घरात ती टेप वाजवायला मशीनच नव्हतं, त्यामुळे लहानपणानंतर त्यांनी ती ऐकलीच नव्हती. “ती माझी आई,” म्हणाले. “‘दार लाव’ म्हणतेय. आमचं मांजर बाहेर पळायचं.” मी विचारलं, आणि ती पावलं? “ती बहुतेक माझी. मांजराच्या मागे.” मग बराच वेळ ते मांजराबद्दलच बोलत राहिले. प्रागबद्दल एक अक्षर नाही.

संध्याकाळी शेवटचा भाग. द्वोर्झाक अमेरिकेहून परतला, योसेफिना १८९५च्या मे महिन्यात गेली, आणि त्यानं या कंचेर्तोचा शेवट नव्यानं लिहिला. विहानला तिथे आपली करामत दाखवणारा तुकडा घालायचा होता; द्वोर्झाकनं प्रकाशकाला ठणकावून सांगितलं, तसलं काही चालणार नाही. म्हणून शेवटी चेलो गर्जत नाही, मागच्या सुरांची आठवण काढत ओसरत जातो, आणि मग वाद्यवृंद उठून संपवतो. टाळ्या. रोस्त्रोपोविचनं द्वोर्झाकच्या स्वरलेखनाची प्रत हातात उंच धरून लोकांना दाखवली, ती या टाळ्यांत. मी ती जागा शोधत बसले. कुठेतरी आवाज चढेल, कुणी ओरडेल. काही कळत नाही. टाळ्या चढतात, उतरतात, पुन्हा चढतात. रेडिओपुढे बसलेल्या त्या कुटुंबालाही त्या क्षणी ते दिसलं नसणार.

त्या हावभावाची मोठी किंमत त्याला तेव्हा मोजावी लागली नाही. ती पुढे मोजली. १९६९पासून त्यानं सरकारच्या रोषातल्या लेखक सोल्झेनित्सिनला मॉस्कोजवळच्या आपल्या झुकोव्हकाच्या घरात आसरा दिला, १९७०मध्ये त्याच्या बाजूनं सोव्हिएत वर्तमानपत्रांना जाहीर पत्र लिहिलं. एकानंही छापलं नाही. परदेश दौरे बंद, मोठे मंच बंद. शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, बेंजामिन ब्रिटन यांनी ज्याच्यासाठी रचना लिहिल्या, शोस्ताकोविचचा पहिला कंचेर्तो ज्यानं चार दिवसांत तोंडपाठ केला, तो वादक आडगावी कार्यक्रम करत फिरला. १९७४मध्ये देश सोडला, १९७८मध्ये नागरिकत्व काढून घेतलं गेलं, ते १९९०मध्ये परत मिळालं. बर्लिनची भिंत फुटली तेव्हा तिच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बाख वाजवणारा म्हातारा तोच. ते छायाचित्र सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र अल्बर्ट हॉलमधली ती संध्याकाळ जास्त अवघड वाटते. बर्लिनला सगळे त्याच्या बाजूनं होते.

दोन्ही फायली पाठवल्या. पहिलीत फक्त मशीनचे दोष काढलेले, खोली जशीच्या तशी. दुसरीत खोली पुसलेली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: पहिली ठेवतो, दुसरीचे पैसे लावू नका. आणि पहिलीत खोकला जरा मोठा करता येईल का?

मालकानं ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि बिलातून अर्ध्या दिवसाची मजुरी खोडली.