क्रुमलोव्हमध्ये ऐकलेला ईयोब

प्रागहून बसने निघाल्यावर सुमारे तीन तासांनी व्लतावा नदीच्या वळणात वसलेले चेस्की क्रुमलोव्ह दिसू लागले. बहुतेक प्रवासी येथे किल्ला पाहायला येतात आणि तो पाहण्यासारखा आहेच. पण मी आले होते ती सेंट व्हिटसच्या चर्चसाठी, कारण पेत्र एबेन हे संगीतकार याच गावात लहानाचे मोठे झाले आणि याच चर्चमध्ये कोवळ्या वयात ऑर्गन वाजवू लागले.

आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकातली, पायाने भाता मारून वाजवायची पेटी आठवते. चर्चमधले वाद्य निराळे. शेकडो, कधी हजारो नळ्यांतून वारा घुमतो, हातांसाठी पट्ट्यांच्या एकावर एक ओळी असतात आणि खर्जाच्या स्वरांसाठी पायांखाली स्वतंत्र पट्ट्या. पंधराव्या शतकातल्या त्या उंच, सडपातळ खांबांच्या चर्चमध्ये मी बराच वेळ बसले. ऑर्गन बंद होता. तरी मला तो पाहायचा होता.

एबेन यांचा जन्म 1929 साली झाम्बेर्क येथे झाला. वडील ज्यू, मुलाचे संगोपन मात्र कॅथलिक. नाझींच्या लेखी एवढा वंश पुरेसा होता: त्यांना शाळेतून काढण्यात आले आणि पुढे बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबण्यात आले. युद्ध संपले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. प्रागमध्ये संगीताचे शिक्षण घेऊन 1955 पासून त्यांनी चार्ल्स विद्यापीठात शिकवले. परंतु कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व त्यांनी घेतले नाही आणि चर्चला जाणेही सोडले नाही, त्यामुळे राजवट बदलेपर्यंत त्यांना बढती मिळाली नाही. 1990 साली मात्र ते प्रागच्या कला अकादमीत रचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

ऑर्गनसाठी त्यांनी पुष्कळ लिहिले. 1950च्या दशकाअखेरची ‘नेदेल्नी हुद्बा’ म्हणजे ‘रविवारचे संगीत’; तिच्यातला ‘मोतो ओस्तिनातो’ हा भाग मी प्रथम ऐकला, तेव्हा एकच आखूड लयबंध हट्टाने पुन्हा पुन्हा येऊन अंगावर चाल करतो आहे असे वाटले. चित्रकार मार्क शागालच्या जेरुसलेममधील रंगीत काचखिडक्यांवरून त्यांनी ट्रम्पेट आणि ऑर्गनसाठी ‘ओक्ना’ रचले: निळी, हिरवी, लाल, सोनेरी अशा चार खिडक्या. ‘फाउस्ट’ या ऑर्गनरचनेत तर चर्चचे हे वाद्य रस्त्यावरच्या, दांडा फिरवून वाजवायच्या पेटीचा आवाज काढते.

पण माझ्या मते त्यांचे सर्वांत थोर काम म्हणजे 1987 सालचा ‘योब’. मराठी बायबलमध्ये ज्याला ईयोब म्हणतात, संकटांनी ग्रासलेल्या त्याच नीतिमान माणसाची ही कथा, ऑर्गनवर, आठ भागांत. प्रत्येक भागाआधी बायबलमधला उतारा वाचला जातो. चर्चमधून बाहेर पडून मी नदीकाठी बसले आणि कानाला हेडफोन लावून तो सबंध ऐकला. पहिल्या भागाचे नाव ‘नियती’. तिसरा दुःखाच्या स्वीकाराचा, आणि त्यात जर्मन स्तोत्राची चाल जखमी होऊन येते. मृत्यूची ओढ, निराशा, मग सृष्टीचे गूढ. ईयोब देवाला जाब विचारतो. एबेन तो जाब मवाळ करत नाहीत, स्वर कर्कश व्हायचे तेथे कर्कशच होतात. ज्याने चौदा-पंधराव्या वर्षी बुखेनवाल्ड पाहिले त्याने हे लिहावे, आणि तरी शेवट तक्रारीवर करू नये, याचे मला फार नवल वाटते. शेवटच्या भागात ते बोहेमियन बंधुसंघ या जुन्या चेक ख्रिस्ती पंथाचे ‘ख्रिस्त, नम्रतेचा आदर्श’ हे जुने चेक स्तोत्र घेतात आणि त्यावर विविध रूपे गुंफत जातात.

ते स्तोत्र संपले तेव्हा ऊन किल्ल्याच्या मनोऱ्यावर पोचले होते. परतीच्या बसला अवकाश होता. मी चढण चढून पुन्हा चर्चमध्ये गेले, मागच्या बाकावर बसले आणि बंद ऑर्गनच्या नळ्यांकडे पाहत राहिले.