झेरॉक्सच्या दुकानातून मेडिकलच्या फाईलीपर्यंत : आमची वाटचाल

२०११ ला लातूरच्या ट्यूशन एरियात दहा बाय बाराचा गाळा भाड्यानं घेतला तेव्हा मेडिकल अ‍ॅडमिशन म्हणजे काय हे मला स्वतःला माहीत नव्हतं. मी निलंगा तालुक्यातला, त्याआधी चार वर्षं एमएससीआयटी शिकवायचो. पतसंस्थेचं कर्ज काढून एक झेरॉक्स मशीन, दोन सेकंडहँड कॉम्प्युटर आणि पासपोर्ट फोटोचा कॅमेरा एवढ्यावर दुकान सुरू केलं. आजूबाजूला सगळे क्लासेस आणि मेस, गावागावातून आलेली सोळा-सतरा वर्षांची लेकरं, त्यांच्या नोट्सची झेरॉक्स हाच मुख्य धंदा. फॉर्म भरायचं काम हळूहळू वाढलं कारण पोरांकडं ना ईमेल होता ना कार्डानं पैसे भरायची सोय.

खरं वळण २०१६ ला आलं. ते वर्ष लातूरमधला माणूस विसरणार नाही, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं शहराला. मेस बंद पडायलेल्या, टँकरसाठी रांगा, आणि त्याच महिन्याच्या शेवटी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मेडिकलसाठी देशभर 'नीट' ही एकच प्रवेश परीक्षा होणार. पोरं वर्षभर स्टेट बोर्डाच्या पुस्तकावर सीईटीची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती, सीईटी एका आठवड्यावर आलेली. ५ मे ला सीईटी झाली, ९ मे ला कोर्ट म्हणालं ती चालणार नाही, मग २४ मे ला केंद्राचा अध्यादेश आला की त्या वर्षापुरत्या राज्याच्या सरकारी जागा सीईटीवर भरतील, आणि खाजगीसाठी २४ जुलैची नीट. या तीन आठवड्यात माझ्या दुकानात जे आईबाप येऊन बसले ना ते चेहरे मला अजून आठवतात. कुणी औराद शहाजानीहून, कुणी कंधारहून, हातात पिशवी, पिशवीत सगळी कागदं, आणि एकच प्रश्न, "भैय्या, आता आमच्या लेकरानं करायचं काय?"

मला उत्तर येत नव्हतं. पण मी रात्री बसून कोर्टाचे आदेश, सरकारी नोटीस, माहिती पुस्तिका वाचायला लागलो आणि सकाळी दुकानाच्या शटरवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवायला लागलो. एवढंच केलं. लोक तो कागद वाचायला थांबायचे. बायको म्हणाली हेच आपलं काम आहे, झेरॉक्स कुणीही काढतं. ती बीकॉम आहे, हिशोबाला पक्की, त्या वर्षापासून कुठल्या कॉलेजला कुठल्या कॅटेगरीत शेवटचा कितवा नंबर लागला याची वही तिनं सुरू केली. आज ते सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण पहिल्या तीन वर्षांच्या वह्या जपून ठेवल्यात.

२०१७ पासून पूर्ण नीटवरच प्रवेश सुरू झाले आणि काम एकदम वाढलं. गावाकडच्या माणसाला आधी हे समजावून सांगावं लागतं की परीक्षा एक असली तरी रांगा दोन आहेत. सरकारी कॉलेजच्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यातून, ते काउन्सेलिंग म्हणजे जागावाटप दिल्लीची एमसीसी (मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) करते, अभिमत विद्यापीठांचं पण तिकडंच. राहिलेल्या ८५ टक्के आणि आपल्या राज्यातली खाजगी कॉलेजं मुंबईच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून. दोन्हीकडं वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळ्या तारखा, वेगळी कागदं. एकीकडं फॉर्म भरला म्हणजे दुसरीकडं आपोआप गेला असं समजणारे पालक आजही दरवर्षी येतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता २०१८ चं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय ही वाटचाल खरी होणार नाही. एका शेतकऱ्याची मुलगी, ओबीसी, मार्क चांगले, तिच्या नंबरवर कॅटेगरीतून सरकारी एमबीबीएस मिळायला हवं होतं. फाईल मीच तपासली. नॉन क्रिमिलेअरचा, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा कागद होता, शिक्का होता, सही होती, मी म्हणालो ओके आहे. त्याची मुदत ३१ मार्च २०१८ ला संपलेली मी बघितलीच नाही, चालू वर्षासाठी ३१ मार्च २०१९ पर्यंतचं लागतं. कागद तपासणीत ती ओपनमध्ये गेली. नवीन दाखला काढेपर्यंत राउंडची मुदत गेली. तिच्या वडलांनी मला एक शब्द बोलला नाही, चहा पण घेतला, आणि म्हणाले, "सर, तुमचं काय, आमचंच नशीब." मला ते शब्द शिव्यांपेक्षा जास्त लागले कारण नशीब नव्हतं ते, माझी चूक होती. ती मुलगी बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाला गेली. मी फीचे पैसे परत केले पण त्यानं काय होतं.

त्या दिवाळीत आम्ही दोघांनी बसून ठरवलं की मार्कांचं, कॉलेजचं बोलणं नंतर, आधी फक्त कागद. तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक फाईल दोन माणसं वेगवेगळी तपासतात, एकानं काय बघितलं ते दुसऱ्याला दाखवायचं नाही. आणि कागद तपासणीचे पैसे घ्यायचे नाहीत, कुणीही या, आमच्याकडं फॉर्म भरा नाहीतर दुसरीकडं भरा. गेल्या आठ वर्षांत आम्ही जे काही मोठं काम केलं असेल ते हे आहे असं मला मनापासून वाटतं. लोकांना वाटतं काउन्सेलिंग म्हणजे कटऑफचं गुपित, पण माझ्या अनुभवात हातातली सीट जाते ती बहुतेक वेळा कागदापायी. जात पडताळणीचं तर बारावीनंतर सुरू करून चालतच नाही. अकरावीतच अर्ज टाका, वडलांच्या किंवा चुलत्याच्या बाजूनं कुणाची व्हॅलिडिटी (जात पडताळणीचा दाखला) असेल तर ती जोडा, वंशावळ नीट लिहा, आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा शोधा. एकदा एका घरात आजोबांचं नाव शाळेत वेगळं, सातबाऱ्यावर वेगळं होतं, ते एक करायला सात महिने लागले. डोमिसाईल, दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच, टीसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच, ड्रॉप घेतलेला असेल तर गॅपचं अफिडेव्हिट. हे सगळं निकालाआधी झालेलं पाहिजे. निकालानंतर सेतूत जी गर्दी असते ती बघून घ्या एकदा.

२०२० चा सप्टेंबर. ८ तारखेला विधानसभेत मंत्री अमित देशमुखांनी जाहीर केलं की ७०:३० चा फॉर्म्युला रद्द. म्हणजे आपल्या विभागातल्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना ही जुनी पद्धत बंद, मराठवाड्यातली लोकं कितीतरी वर्षं हे मागत होती कारण आमच्याकडं कॉलेजच कमी. दुकानासमोर पोरांनी पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी, ९ ला, सुप्रीम कोर्टानं मराठा आरक्षणाला स्थगिती दिली. आणि १३ ला नीट. कोरोनात, मास्क लावून. तीच पोरं, काल पेढे वाटणारी, परवा डोकं धरून बसलेली. आमच्या वह्या त्या वर्षी काही कामाच्या राहिल्या नाहीत, जुना नंबर नव्या पद्धतीला लावताच येत नव्हता, आणि आम्ही पालकांना ते स्पष्ट सांगितलं. अंदाज देऊन पैसे घेणं सोपं होतं. नाही दिला.

पुढच्या वर्षी ऑल इंडिया कोट्यात ओबीसींना २७ टक्के आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिक दुर्बल घटकांना) १० टक्के आरक्षण आलं, ते कोर्टात अडकलं, ७ जानेवारी २०२२ ला आदेश आला तेव्हा कुठं काउन्सेलिंग सुरू झालं. तेव्हापासून एक नवीनच घोळ आमच्या टेबलावर यायला लागला. राज्याच्या नमुन्यातला दाखला दिल्लीच्या फॉर्मला चालत नाही, केंद्राचा नमुना वेगळा काढावा लागतो. धनगर, वंजारी मुलं इथं एनटी-सी, एनटी-डी (भटक्या जमाती) मध्ये असतात आणि तिकडं ओबीसी, हे त्यांच्या घरात कुणाला माहीत नसतं, मग तिकडं ओपनमधून फॉर्म भरून मोकळे होतात. मराठा समाजाच्या मुलांना इथला एसईबीसीचा, म्हणजे राज्याच्या आरक्षणाचा दाखला तिकडं उपयोगाचा नाही, हे पण आधीच सांगावं लागतं.

प्रेफरन्सबद्दल थोडं, कारण भांडणं सगळ्यात जास्त याच्यावरच होतात. मशीन तुमच्या नंबरवर तुमच्या यादीत वरून खाली जातं आणि जे पहिलं मिळू शकतं ते देतं. वर मुंबईचं केईएम टाकलं आणि नाही लागलं तर काही नुकसान होत नाही, ते पुढच्या नावावर जातं. पण पालक म्हणतात आधी सेफ टाका, वर अंबाजोगाई टाका कारण ते नक्की लागतंय, आणि पोराला मुंबईचं ग्रँट मिळत असताना ते अंबाजोगाईला अडकतं. अंबाजोगाईचं कॉलेज चांगलंच आहे, मुद्दा तो नाही. मुद्दा हा की यादी मनाच्या क्रमानं लावायची, कटऑफच्या नाही, आणि जिथं फी झेपणार नाही ते नावच टाकायचं नाही. सीट मिळाली आणि तीच ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा. तो नाही भरला आणि पुढच्या राउंडला वरचं कॉलेज लागलं तर आधीची सीट आपोआप जाते, मग रडून काही मिळत नाही. सरकारी कॉलेज घेताना बाँडचं पण त्याच दिवशी सांगतो, डॉक्टर झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा.

आमच्या ऑफिसात यादी लेकरू लावतं. आम्ही शेजारी बसतो, विचारलं तर सांगतो, पण सबमिटचं बटण त्यानंच दाबायचं आणि पासवर्ड त्याच्याकडंच राहणार, आमच्याकडं लिहून ठेवत नाही. यावरून काही गिऱ्हाईकं गेली सुद्धा. एक जण म्हणाले, "एवढे पैसे देतोय तर तुम्हीच भरा की." मी नाही म्हणालो. पाच-साडेपाच वर्षं तिथं राहायचंय त्याला, मला नाही.

आणि सीट मिळवून देतो म्हणणारे. निकाल लागला की फोन सुरू होतात, मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो, आधी टोकन द्या. आमच्या एका पालकानं जमीन गहाण टाकून असे पैसे दिले आणि ते बुडाले, त्यानंतर आमच्या दारावरच लिहिलंय की नीटच्या नंबराशिवाय एमबीबीएसची एकही सीट मिळत नाही, संस्थेच्या कोट्यातली पण नाही. आम्हालाही कमिशनच्या ऑफर आल्या. घेतलं असतं तर आज स्वतःचा गाळा असता, अजून भाड्याचाच आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

२०२४ आणि २०२५ नं एक गोष्ट सगळ्यांना शिकवली की मार्कांवरून काही बोलू नये. २०२४ ला मार्क इतके फुगले की आदल्या वर्षी सरकारी मिळालं असतं तेवढ्या मार्कांवर पोरं बाहेर राहिली, आणि २०२५ ला पेपर असा आला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ७२० पैकी ६८६. निकालाच्या रात्री ५२० मार्क बघून एक मुलगी माझ्या बायकोसमोर ढसाढसा रडत होती, बायकोनं तिला मार्क बघूच दिले नाहीत, रँक बघ म्हणाली, आणि रँक चांगला होता.

जागा पण वाढल्यात हे चांगलंय. धाराशिव, परभणी झालं, ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकदम दहा सरकारी कॉलेजं आली त्यात आपलं हिंगोली आणि जालना. लोक म्हणतात नवीन कॉलेज नको, इमारत नाही. मी म्हणतो आधी जाऊन बघून या, हॉस्पिटलची ओपीडी बघा, पेशंट किती आहेत बघा, डिग्री नाशिकच्याच विद्यापीठाची आहे. मुलींसाठी तर त्याच वर्षी जुलैचा जीआर आला, ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरातल्या, उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून, तर ट्यूशन फी पूर्ण माफ. ज्या घरात "पोरीला एवढे पैसे कुठून" असं म्हणायचे तिथं आता आई स्वतः फाईल घेऊन येते.

ती २०१८ ची मुलगी मागच्या वर्षी आली होती, बीएएमएस झालीय, सोबत धाकटा भाऊ आणि त्याची फाईल. मी खुर्ची दिली तर बसली नाही, फाईल उघडली आणि नॉन क्रिमिलेअरच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाली, "सर, ही आधी बघा." मी बघितली. मग बायकोनं बघितली. मग तिनं परत एकदा.

आता आम्ही पाच जण आहोत. पावसाळ्याआधी अहमदपूर, जळकोट, देवणीच्या ज्युनियर कॉलेजांत जाऊन अकरावीच्या पोरांना फक्त कागदांबद्दल सांगतो, त्याचे पैसे नाहीत. ऑफिस रविवारी पण चालू असतं, गावाकडच्या माणसाला तोच दिवस मोकळा असतो. येताना ओरिजिनल कागदं तेवढी आणा, झेरॉक्स इथंच काढतो, मशीन अजून आहे.