इंदूरहून निमाडात उतरण्याआधी रपट्यांची चौकशी

पावसाळ्यात इंदूरचं आभाळ बघून महेश्वरचा किंवा ओंकारेश्वरचा बेत पक्का करू नका. राजवाड्यावर लख्ख ऊन असतं, पोह्यांच्या गाड्यांवर गर्दी असते, आणि त्याच वेळी मानपूरच्या खाली एखाद्या रपट्यावरून, म्हणजे ओढ्याच्या पात्राला टेकलेल्या ठेंगण्या, बिनकठड्याच्या पुलावरून, कमरेइतकं पाणी वाहत असतं. इंदूर माळव्याच्या पठारावर, साधारण 550 मीटर उंचीवर आहे. विंध्याचा कडा उतरला की 400 मीटर खाली निमाड, म्हणजे नर्मदेकाठचा सखल मुलूख लागतो. चोरल, कारम आणि त्यांना मिळणारे ओढे या उतारावरून नर्मदेकडे धावतात. वर तासभर जोराचा पाऊस झाला की पायथ्याचा ओढा ऊन असतानाच फुगतो. जुलै 2011 मध्ये महूजवळच्या पातालपाणी धबधब्यावर माणसं वाहून गेली, तेव्हाही पाणी असंच वरून आलं होतं.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: ज्या ओढ्यावरून जायचंय, त्याचं पाणी येतं कुठून? जामघाटातून मंडलेश्वरला उतरायचं असेल तर महूचा पाऊस बघा. सिमरोल, भैरवघाट, बडवाह हा रस्ता घ्यायचा असेल तर चोरलच्या वरच्या अंगाचा पाऊस बघा. गौतमपुऱ्याकडे जायचं असेल तर गंभीर नदी आणि तिच्यावरच्या यशवंतसागर धरणाचे दरवाजे. उज्जैनकडे निघालात तर क्षिप्रा.

हवामान खात्याचा जिल्हावार इशारा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बघा आणि सकाळी पुन्हा बघा. त्यांच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', 115.6 पासून 'अति जोरदार' आणि 204.5 पासून 'अत्यंत जोरदार' पाऊस. हे 24 तास सकाळी साडेआठला संपतात, त्यामुळे सकाळी वाचलेला आकडा कालचा असतो. तो बिनकामाचा मात्र नाही. जमीन किती भिजली आहे ते त्यावरून कळतं. जूनमध्ये काळ्या मातीला भेगा असतात आणि पहिले पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात. ऑगस्टमध्ये तीच माती फुगून बंद झालेली असते. मग जूनमध्ये ज्या 50 मिलिमीटरनं ओढा जेमतेम ओला होतो, तेवढ्याच पावसात ऑगस्टमध्ये रपटा बुडतो. सलग तीन दिवस पाऊस झाला असेल तर चौथ्या दिवशीच्या साध्या सरीलाही मोठं समजा. निघण्याआधी भोपाळ रडारचं चित्र आणि पुढच्या तीन तासांचा अंदाज बघायला पाच मिनिटं लागतात.

नर्मदेचं गणित वेगळं आहे. तिथे पावसाइतकीच धरणंही बघावी लागतात. जबलपूरजवळचं बरगी, मग तवा, मग पुनासाचं इंदिरासागर, त्याखाली ओंकारेश्वर, अशी साखळी आहे. बरगीचे 21 आणि तव्याचे 13 दरवाजे. यांतले काही उघडल्याची बातमी आली की ते पाणी पुढे इंदिरासागरात येणार, हे लक्षात ठेवा. इंदिरासागरची पूर्ण पातळी 262.13 मीटर. पातळी त्याच्या जवळ असेल तर धरणात नवीन पाणी धरायला जागा नसते आणि आलेलं पाणी खाली सोडावंच लागतं. सप्टेंबर 2023 मध्ये असंच झालं. नर्मदा चढली आणि मोरटक्क्याच्या पुलावरची वाहतूक थांबवावी लागली. इंदूर–खंडवा रस्ता मोरटक्क्याला तुटला की वळसा फार लांबचा पडतो, म्हणून निघण्याआधी या एका पुलाची चौकशी स्वतंत्रपणे करा. खलघाटच्या पुलाचीही त्याच फोनवर करून घ्या. बडवानीकडे जायचं असेल तर सरदार सरोवर 138.68 मीटरपर्यंत भरत आलंय का ते बघा. राजघाटचा जुना पूल तेव्हा पाण्याखाली असतो.

नदीची पातळी केंद्रीय जल आयोगाच्या 'फ्लडवॉच इंडिया' ॲपवर मिळते. मोरटक्का आणि मंडलेश्वर ही दोन्ही ठाणी त्यात आहेत. पिवळा रंग म्हणजे इशारा पातळी ओलांडली, नारिंगी म्हणजे धोक्याची पातळी ओलांडली, लाल म्हणजे आजवरच्या सर्वोच्च पुराच्याही वर. नुसता रंग बघून थांबू नका, पातळी चढते आहे की उतरते आहे ते बघा. हिरवं पण भराभर चढणारं पाणी हे पिवळ्या पण उतरणाऱ्या पाण्यापेक्षा वाईट. आणि नदीच्या घाटावर उतरताना पावसाळा नाही म्हणून निश्चिंत राहू नका. एप्रिल 2005 मध्ये नर्मदेकाठच्या धाराजीला भूतडी अमावस्येच्या स्नानाच्या वेळी इंदिरासागरातून सोडलेलं पाणी आलं आणि भाविक वाहून गेले. भोंगा वाजला की सामान सोडून आधी वर यायचं.

ॲपमध्ये न येणारी गोष्ट म्हणजे गावातले रपटे. नकाशातला जवळचा रस्ता नेमका तिथूनच काढलेला असतो, आणि रपट्यावर पाणी आहे की नाही हे त्या नकाशाला ठाऊक नसतं. घरीच उपग्रहचित्र मोठं करून रस्ता जिथे ओढा ओलांडतो ती जागा बघा. पूल असेल तर कठडे दिसतात, बाजूला सावली पडलेली दिसते. सावली नसेल, नुसती पांढरट पट्टी पात्राला टेकलेली असेल, तर तो रपटा समजा. असे दोनपेक्षा जास्त असतील तर हमरस्त्यानेच जा. वीस मिनिटं जास्त लागू देत.

मग वाटेवरच्या माणसाला फोन करा. पेट्रोल पंप, ढाबा, मुक्कामाची जागा, नात्यातलं कोणी. "रास्ता चालू है क्या?" असं विचारलंत तर "हाँ, आ जाओ" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, "अभी रपटे पर पानी है? आखिरी बस कब निकली?" बसवाला रोजचा असतो. तो थांबला असेल तर तुम्हीही थांबा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 हे नंबर फोनमध्ये घालून ठेवा, अडचणीत 112.

आता प्रत्यक्ष रपट्यावर. खालचे ह्यूम पाईप (सिमेंटचे मोठे नळ) फांद्या, पऱ्हाट्या आणि पॉलिथिननं तुंबतात, म्हणून पाणी लवकर वर चढतं. वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली स्लॅबची कड खचलेली असू शकते. कड खचते ती बहुतेक उताराच्या बाजूची, कारण वरून पडणारं पाणी तिथली माती खरवडून नेतं. स्लॅब डोळ्यांना दिसत नसेल तर गाडी घालू नका. याला अपवाद ठेवू नका. पायी चाचपूनही बघू नका. 15 सेंटिमीटर वेगवान पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलतं.

ऑल्टोचा हिशोब करून बघा. लांबी साडेतीन मीटरच्या आसपास, रुंदी दीड मीटर, म्हणजे तळ 5 चौरस मीटर. जमिनीपासून तळाची उंची 16 सेंटिमीटर. पाणी त्याच्या वर चढलं की दर सेंटिमीटरला 50 किलो वजन पाणी उचलतं. रिकामी गाडी साडेसातशे किलोच्या आसपास. म्हणजे तळाच्या वर 15 सेंटिमीटर पाणी आलं, एकूण सुमारे 30 झालं, की चाकांवर वजनच उरत नाही. त्याच्याही आधी टायरची पकड जाते, कारण स्लॅबवर शेवाळ असतं. मोठी गाडी थोडं जास्त सोसते. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा 650 मिलिमीटर सांगितलेली आहे, पण ती संथ पाण्यासाठी समजा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. वेग बघायचा असेल तर काठावरून पान टाका. दहा पावलांचं अंतर पाच सेकंदांत गेलं तर ते पाणी सेकंदाला दीड मीटर धावतं आहे. त्यात कुठलीच गाडी घालू नये.

स्लॅब दिसतो आहे आणि पाणी चार बोटं आहे, तेव्हा पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, पुढची गाडी पलीकडे पोचल्यावरच आपण. मध्ये गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. पार झाल्यावर थोडं अंतर ब्रेक हलका दाबत जा म्हणजे पॅड सुकतात. पाण्यात गाडी बंद पडली तर किल्ली पुन्हा फिरवू नका. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलेलं आहे का ते जूनआधीच पॉलिसी काढून बघा. पाणी दारापर्यंत चढत असेल तर काच लगेच खाली करा, पट्टे सोडा, लहान मुलांना आधी काढा. नंतर पाण्याच्या दाबानं दार उघडत नाही.

परतीचाही विचार सकाळीच करा. सकाळी कोरडा ओलांडलेला रपटा संध्याकाळी बंद असू शकतो, आणि अंधारात पाणी किती आहे ते दिव्यांच्या उजेडात कळत नाही. म्हणून शेवटचा रपटा दिवस असतानाच मागे टाकायचा. आईबाबांची औषधं एका दिवसाची जास्त घ्या, पिण्याचं पाणी आणि मुलांचं खाणंही. अडकलात तर काठावर एक दगड पाण्याच्या रेषेशी ठेवून अर्ध्या तासानं बघा. पाऊस थांबल्यावर लहान ओढा दोन-चार तासांत उतरतो, नर्मदेला एक-दोन दिवसही लागतात. तोवर गाडी काठाशी उभी करू नका. झुडपांत गवताच्या काड्या आणि कचरा अडकलेला दिसेल, ती मागच्या पुराची रेषा. गाडी त्या रेषेच्या बऱ्याच वर, तोंड चढाकडे करून लावा.