मचूळ पाण्यातले डायटम

मे महिन्यात सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाचं पाणी मागे सरकलं की काठच्या दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर उघडा पडतो. पाय घसरतो म्हणून लोक तो टाळतात. मी जुन्या टूथब्रशने खरवडून बाटलीत भरते. त्यात डायटम असतात. सिलिकाची कवचं असलेली एकपेशी शैवालं, डबी आणि झाकण एकात एक बसावं तशी.

ऊन वाढतं, पाणी आटतं, क्षार मात्र तिथेच राहतात. साधारण लिटरला अर्ध्या ग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी गोडं म्हणतात, समुद्रात ते 35 ग्रॅमच्या आसपास असतात. गोड्या पाण्यातल्या डायटमला या दोन्हींमधला प्रवास झेपतो का, हे कोणती जात आहे यावर ठरतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलींना हे दाखवायला मला फार आवडतं. स्लाइडवरच्या पिन्युलेरिया या डायटमला एकदम खारं पाणी दिलं की आतला तपकिरी ऐवज कवचापासून सुटून मध्ये गोळा होतो. कवच जसंच्या तसं, आत मात्र पेशी आक्रसलेली. बाहेर क्षार जास्त झाल्यामुळे तिच्यातलं पाणी ओढलं जातं. जी जात तग धरते ती प्रोलिन या अमिनो आम्लासारखे पदार्थ बनवून आतलं पारडं जड करते. पण त्यात शक्ती खर्च होते, मग विभाजन मंदावतं. क्षार हळूहळू वाढवले तर सायक्लोटेला मेनेघिनियाना आणि निट्झशिया पॅलिया बराच काळ वाढत राहतात. यूनोशियाच्या बहुतेक जाती मात्र कमी क्षारांच्या पाण्यातच रमतात.

म्हणून क्षारांनी डायटम मरतात एवढंच म्हणणं मला अपुरं वाटतं. थर दाटच राहतो, त्यातली माणसं, म्हणजे डायटमच्या जाती, बदलतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार; ते दाखवणारा मीटर त्या क्षणाचं पाणी सांगतो, दगडावरचा थर मागच्या काही आठवड्यांचं. शिवाय मीटरला सोडियम क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांतला फरक कळत नाही, डायटमला कळतो. चोपण, म्हणजे सोडियम वाढून बिघडलेल्या, जमिनी आणि मचूळ विहिरींच्या आपल्या जिल्ह्यात हा फरक पिकालाही भोगावा लागतो.

पाण्याच्या तपासणी अहवालात टीडीएसच्या शेजारी दोन-तीन प्रमुख डायटमांची नावं यायला हवीत, असं मी ठामपणे म्हणते. खर्च फार नाही: चांगला मायक्रोस्कोप, कवचं स्वच्छ करायला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ओळखायला शिकलेले डोळे. डोळे तयार करायला वेळ लागतो, म्हणून यंदा सोलापुरातल्या कंबर तलावाचे नमुने पावसाआधी आणि पावसानंतर मुलीच घेणार आहेत.